गाय पाणी पीत नाही

पिंपळवंडीच्या शिवारात, आमच्या वस्तीवर, गाय विकत घ्यायची एक रीत आहे. गाय घरी न्यायची, पंधरा दिवस सांभाळायची आणि विकणाऱ्यानं सांगितलं तेवढं दूध ती देते का ते पाहायचं. दिलं तर गाय घेणाऱ्याची. नाही दिलं तर पंधराव्या दिवशी तिचं दावं बदलतं, ती माघारी जाते आणि दोन्ही घरं पुढची दहा वर्षं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. याला बोली म्हणतात. बोलीत कागद नसतो, सही नसते, त्यामुळं ती सहसा मोडत नाही.

चांगदेव एसटीच्या नारायणगाव डेपोत पस्तीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली झोपून निवृत्त झाले होते. मुलगा राजरत्न चाकणला कंपनीत. तो रविवारी घरी येई आणि आठवड्याची झोप घेऊन परत जाई. सून प्रतीक्षा चार वर्षं नारायणगावच्या मार्केटात टोमॅटो निवडत होती. हा कच्चा, हा पिकला, हा फुटका, असं दिवसातून हजारदा ठरवून झाल्यावर एक दिवस तिनं स्वतःचंही ठरवलं. काम सोडलं आणि दावणीला गाय बांधायची म्हणाली. चांगदेवांनी अट घातली. एक गाय आण. बोलीत टिकली तर दुसरी आणू, माघारी गेली तर तूही माघारी टोमॅटोला. प्रतीक्षा हो म्हणाली. गायीला कोणी विचारलं नाही.

गाय भिमाजींची होती. भिमाजी वस्तीवरचे मोठे बागायतदार. अकराही घरांना वीज देणारी डीपी त्यांच्या वावरात उभी होती, त्यामुळं वीज आपण देतो आणि कंपनी नुसती बिलं पाठवते, असं त्यांना मनापासून वाटे. वेळेला नऊ लिटर, असं सांगून त्यांनी गाय दिली. दुसऱ्याच दिवशी राजुरीहून एक पावणे तीच गाय बघायला आले, आणि तेव्हापासून भिमाजींना आपण घाई केल्याचं दुःख लागलं.

चांगदेवांनी गोठा स्वतः वेल्डिंग करून उभा केला होता. लोखंडी पाईपांची दावण, तिलाच वेल्ड केलेली पाण्याची कुंडी. ही कुंडी म्हणजे उभं कापलेलं लोखंडी पिंप. आणि एसटीत शिकलेला माणूस असल्यामुळं एवढं लोखंड उघडं ठेवणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी कुंडीशेजारी जमिनीत रॉड ठोकला आणि गोठ्याला अर्थिंग दिलं. घरातला दिवा मध्येच मिणमिणायचा, म्हणून मागं एका इलेक्ट्रिशियनच्या सल्ल्यानं घराच्या बोर्डातलं न्यूट्रलही त्याच रॉडला जोडून टाकलं. रोज सकाळी ते रॉडला दोन तांबे मिठाचं पाणी घालत. जमीन ओली तर अर्थिंग चांगलं, हे वस्तीवर सगळ्यांना माहीत होतं.

माहीत असायला कारण होतं. बाकीच्या दहा घरांकडंही विहिरीपाशी एकेक रॉड होता. त्यांचं काम मात्र वेगळं. थ्री फेज गेली की, आणि ती बहुतेक वेळ गेलेलीच असे, गडी खांबावर आकडा टाकून एक फेज घेत, आणि वीज माघारी जायला जी दुसरी तार लागते तिच्याऐवजी रॉड वापरत. फेज खांबावरची, न्यूट्रल जमिनीतलं. तार वाचते आणि मीटरला त्रास होत नाही. मोटार कण्हायला लागली की रॉडला बादलीभर पाणी मारायचं, ती पुन्हा गाऊ लागते. जमिनीत गेलेली वीज पुढं कुठं जाते, याची चौकशी कुणी केली नव्हती. शेतकऱ्याला जमिनीवर विश्वास ठेवायची सवय असते.

गाय पहिल्या दिवशी कुंडीपाशी गेली, तोंड खाली केलं, ओठ पाण्याला लागले, आणि कुणी थोबाडीत मारल्यासारखी ती मागं सरली. पुन्हा गेली, पुन्हा सरली. मग तिनं कुंडीकडं पाठ केली; तहान अगदीच सोसेना झाली तरच घोटभर घेई. धारेला बसल्यावर तिनं बादली लाथाडली. सांडलेलं सोडून तीन लिटर भरलं.

डॉक्टर आले. त्यांनी कासेला हात लावून बघितलं, ताप बघितला, कॅल्शियम दिलं आणि गाय ठणठणीत असल्याचं सांगून गेले. प्रतीक्षानं खुराक बदलला. चांगदेवांनी कुंडी घासून काढली आणि रॉडला दोनाऐवजी चार तांबे पाणी घालायला सुरुवात केली. गाईसाठी पंखा लावला होता, तो तरी नीट फिरावा. ओल कुंडीपर्यंत गेली. गाय आणखी बिथरली.

आमच्याकडं कुणाच्या घरात काय चाललंय हे दूध डेरीवर कळतं. तिथं चारचौघांत कॅन काट्यावर चढतो आणि आकडा मोठ्यानं वाचला जातो. नऊ दिवस प्रतीक्षाच्या कॅनचा आकडा तीनच्या वर गेला नाही. नवव्या दिवशी डेरीचे चेअरमन दादाभाऊ यांनी तोडगा काढला, की एका वेळेपुरती गाय भिमाजींच्या जुन्या गोठ्यात नेऊन बघू. नेली. तिथं ती दोन बादल्या पाणी प्याली आणि नऊ लिटर दूध देऊन रवंथ करत बसली. वीस माणसं बघत होती. भिमाजींनी गाईच्या पाठीवर हात फिरवला आणि शांतपणे म्हणाले, "आमच्या दावणीची गाय हाय. तिला कुटलंबी पाणी चालत न्हाई."

 काहींनी आपल्या चपला बघितल्या. चांगदेवांचं घर बौद्धांचं, छप्पन्न सालानंतरच्या पहिल्या काही घरांतलं, आणि कुठलंबी म्हणजे कुठलं हे तिथल्या गाईखेरीज सगळ्यांना कळलं. कायद्यानं बघायला गेलं तर माणूस गाईबद्दल बोलत होता. दादाभाऊंनी तेच लगेच बोलून दाखवलं, की ते गाईचं म्हणतायत, मनावर घेऊ नका. ते दादाभाऊंनी इतक्या घाईनं सांगितलं की उरलासुरला संशयही फिटला.

प्रतीक्षा गाय घेऊन घरी आली. वाटेत तिनं चांगदेवांना सांगितलं, की आता गाय माघारी जाणार नाही. चांगदेव म्हणाले, ते आता गाईच्या हातात आहे.

गुरुवारी आमच्याकडं लाईनच्या कामासाठी दिवसभर वीज बंद असते. त्या गुरुवारी दुपारी प्रतीक्षा वैरण टाकायला गेली तर गाय कुंडीत तोंड बुडवून पीत होती. पोटाला आवाज येईपर्यंत प्याली. संध्याकाळी पाय न हलवता सात लिटर दिलं. प्रतीक्षाला आनंद झाला, पण टोमॅटो निवडणारी बाई वरचा एक चांगला बघून अख्खं क्रेट पास करत नाही. ती शुक्रवारची वाट बघत राहिली. शुक्रवारी सकाळी वीज आली, शिवारात मोटारी घुमायला लागल्या, आणि गाय कुंडीपासून लांब उभी राहिली.

प्रतीक्षानं पायातली रबरी चप्पल काढली. ओल्या जमिनीवर उभी राहिली आणि हात पाण्यात घातला. बोटांपासून कोपरापर्यंत मुंग्या आल्या. तिनं हात काढला, पुन्हा घातला, पुन्हा मुंग्या आल्या. गेले बारा दिवस ती रबरी चपलेत होती आणि गाय नव्हती.

तिनं वायरमन ऋषीला बोलावलं. ऋषी मंचरकडचा, अंगानं बारीक, तीन गावांच्या लाईनला एकटा. त्यानं गोठ्याच्या पाईपला टेस्टर लावला तर दिवा लागला. मीटर लावला आणि आकडा बघून घाम पुसला. मग बोर्ड उघडला, रॉडपाशी उकिडवा बसला आणि बराच वेळ त्या ओल्या जमिनीकडं बघत राहिला. वस्तीवरचे दहाही रॉड त्याला पाठ होते. ते दिसत नसल्याचं सोंग घेणं हा त्याच्या नोकरीचा निम्मा भाग होता.

त्यानं प्रतीक्षाला समजावलं ते असं. डीपीचं न्यूट्रल जाड लोखंडी पट्टीनं जमिनीत खोल गाडलेलं असतं. दहा मोटारींनी जमिनीत सोडलेली वीज फिरून त्या पट्टीवाटे डीपीत माघारी जायला हवी. ती जात नाही, याचा अर्थ पट्टी कुठंतरी तुटलीय. आता साऱ्या वस्तीत न्यूट्रल जमिनीला चिकटलेलं असं एकच ठिकाण उरलंय, चांगदेवांचा रॉड. म्हणून सगळ्यांची वीज शिवारभर फिरून इथं, गाईच्या पायाखाली येते आणि त्यांच्या तारेनं घरी जाते.

प्रतीक्षानं विचारलं, तार काढली तर?

"तुमची गाय आत्ता सुटंल, वहिनी. पण जमिनीतला दाब तेवढाच ऱ्हाईल. ही वाट बंद केली की तो दुसरी बघंल. कुणाच्या बोरची केसिंग, नळाचा पाईप, न्हाईतर वली भिंत धरून हुबं ऱ्हायलेलं माणूस. कुणाचा नंबर ते मला सांगता येणार न्हाई."

ऋषी डीपी बघायला गेला. भिमाजींनी त्याला बांधावरच अडवलं. पीक तुडवू देणार नाही, साहेबाचं पत्र आण, साहेब आला तर साहेबाच्या साहेबाचं आण. ऋषीनं लांबूनच बघितलं. डीपीच्या पायाशी माती नवी होती आणि पलीकडं भिमाजींचा नवा गोठा निम्मा उठला होता.

चांगदेव म्हणाले, तार काढून टाक. लोकांची वीज लोकांच्या दारात जाऊ दे, त्यांनी आपलं काय ठेवलंय?  प्रतीक्षा म्हणाली, "मामा, तार गुपचूप काढली की उद्या गाय पाणी पिईल. अन डेरीवर म्हणतील, गाय बाटली."

तार राहिली. गाईला शेजारच्या बाभळीखाली प्लास्टिकच्या टबात पाणी ठेवलं. तिथं ती प्यायची, पण वस्तीला ते सांगायचं नाही आणि डेरीवर पूर्वीइतकंच दूध न्यायचं असं ठरलं.

रविवार, पंधरावा दिवस. सकाळी आठला भिमाजी नवं दावं घेऊन आले. राजुरीच्या पावण्यांना त्यांनी दुपारची वेळ दिलेली होती. बरोबर दादाभाऊ, आणि बोलीचा निकाल बघायला म्हणून वस्तीवरचे आठनऊ गडी. राजरत्नही झोपेतून उठून उंबऱ्यात बसला होता. थ्री फेज पहाटेच गेली होती, त्यामुळं चारी बाजूंनी चोरट्या मोटारींचा आवाज येत होता आणि ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येकाला फक्त दुसऱ्याची मोटार ऐकू येत होती. ऋषी कुंडीमागं उभा होता. त्याला कुणी रामराम केला नाही.

भिमाजी सरळ गाईकडं निघाले. प्रतीक्षा मध्ये उभी राहिली.

"न्या भाऊ गाय. आधी हात घाला पाण्यात."

"कशाला?"

"गाईला चालत न्हाई म्हणालात. तुमाला चालतंय का बघू. चप्पल काढून हुबं ऱ्हावा, गाईला बी चप्पल नसती."

तिनं आधी स्वतः अनवाणी उभं राहून कोपरापर्यंत हात बुडवून दाखवला. सगळे भिमाजींकडं बघायला लागले. नको म्हणावं तर सहा दिवसांपूर्वीचं नव्हे, शंभर वर्षांपूर्वीचं काहीतरी सिद्ध होत होतं, आणि दादाभाऊंच्या मते हल्ली त्याची केस होते. भिमाजींनी चप्पल काढली, ओल्या जमिनीवर पाय ठेवले, बाही वर केली आणि हात पाण्यात घातला.

त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. बाकी काही नाही.

दादाभाऊंनी विचारलं, काय आहे का.

आता भिमाजींची पंचाईत अशी, की काहीतरी आहे म्हणावं तर ऋषी मागंच मीटर घेऊन उभा, आणि मग वीज आली कुठून म्हणून बोट फिरत फिरत त्यांच्या वावरात जाणार. काही नाही म्हणावं तर पाणी चांगलं ठरणार, आणि वीस माणसांसमोर बोललेलं, सहा दिवस चघळलेलं त्यांचं वाक्य खोटं पडणार. भिमाजींनी विचार केला. विचार करताना हात पाण्यातच होता.

"न्हाई," ते म्हणाले. "गार हाय."

"म्हंजी पाणी चांगलं हाय," प्रतीक्षा म्हणाली.

"हाय की."

"मग गाय का पीत न्हाई?"

 तेवढ्यात पलीकडच्या मळ्यात आणखी एक मोटार सुरू झाली. भिमाजींचा खांदा उडाला. त्यांनी हात मागं घेतला नाही, पण दात दिसले. एका गड्यानं हसू दाबलं. मग ओढ्याकडची मोटार लागली, आणि भिमाजींनी हात काढून काखेत दाबून धरला.

"करंट हाय तुमच्या पाण्यात. मारायला बोलवलंय व्हय मला?"

"आमच्या न्हाई भाऊ," प्रतीक्षा म्हणाली, "ह्यात सगळ्यांचा हाय. तुमचा बी हाय."

गड्यांनी गलका केला. कुणी म्हणालं हिनं मुद्दाम सोडलाय, कुणी म्हणालं ह्यांच्या वायरिंगचा दोष, आम्हाला काय त्याचं. एकानं राजरत्नाला सुनावलं, की बायकोला आवर. राजरत्नानं सांगितलं, मी फक्त रविवारी असतो.  ऋषीनं रबरी हातमोजे चढवले, सगळ्यांना लांब व्हायला सांगितलं आणि पाना घेऊन बोर्डातून रॉडला गेलेल्या तारेचा नट सोडवला.

तार सुटली आणि शिवार गप्प झालं.

एक नाही, दोन नाही, सगळ्या मोटारी एकदम थांबल्या. इतकी शांतता झाली की गाय कान टवकारून बघायला लागली. मग एकेका खिशात फोन वाजायला लागले. घरून बायका विचारत होत्या, मोटार का बंद पडली. ज्यांच्या विहिरीवर अशी मोटारच नसल्याचं डेरीत शपथेवर ठरलं होतं, असे तिघं विहिरीकडं पळाले.

ऋषीनं तार परत जोडली. मोटारी पुन्हा घुमायला लागल्या. कुणाला काही समजावून सांगायची गरज राहिली नाही. आठनऊ माणसं भिमाजींकडं वळली. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा खरा राग होता. त्यात गाईचा किंवा पाण्याचा काही संबंध नव्हता. आपल्या मोटारी चांगदेवांच्या एका नटावर चालतात, ही गोष्ट त्यांना सहन होण्यासारखी नव्हती.

सगळे डीपीवर गेले. भिमाजींनी बांधावर हात आडवे केले, पण अडवायला आता वायरमन एकटा नव्हता. ऋषीनं वरून डीपी बंद केली आणि नवी माती उकरली. दीड फुटावर पट्टीचं टोक सापडलं.

"जेशीबीवाल्यानं तोडली आसंल," भिमाजी म्हणाले. "गोठ्याच्या पायाला आली व्हती आडवी. मला काय ठाऊक."

पट्टीचं टोक नीट दुमडलेलं होतं आणि त्यावर खताची पिशवी सुतळीनं बांधलेली होती. एवढा काळजीवाला जेसीबी वस्तीवर कुणी पाहिला नव्हता.

पुढचं काम संध्याकाळपर्यंत चाललं. गोठ्याचा पाया सोडून नवा खड्डा घेतला. कोळसा, मीठ, नवीन पट्टी. चांगदेवांच्या बोर्डातून न्यूट्रल आणि अर्थिंगची जोडणी काढली. जाताना ऋषीनं हात धुतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की पट्टी आता ठीक आहे, पण रॉड तसेच ठेवले तर दहा मोटारींची वीज याच खड्ड्यात येणार. ज्यांचं जनावर इथं जवळ बांधलं जाईल त्यांनी बघून घ्यावं. मग त्यानं नव्या गोठ्याकडं बघितलं.

त्या दिवशी संध्याकाळी गाय कुंडीवर प्याली. प्रतीक्षानं धार काढली ती नऊ लिटर आणि वर थोडी. दादाभाऊंनी बोली पुरी झाल्याचं सांगितलं. राजुरीचे पावणे दुपारीच चहा पिऊन गेले होते.

आता या सगळ्यानंतर वस्तीनं प्रतीक्षाला चार चांगले शब्द बोलायला हरकत नव्हती. झालं असं, की सोमवारी उजाडताच भिमाजी घरोघर फिरले आणि रॉड उपटायला लावले. चोरीची वीज हे पाप आहे, जीव जाईल, अशी त्यांची भाषा होती. दहा वर्षं ज्याच्या विहिरीवर सगळ्यात मोठी मोटार रॉडवर चालली तो माणूस बोलतोय म्हटल्यावर लोकांनी ऐकलं. रॉड निघाले. मग तार घ्यायला लागली, मीटर फिरायला लागले, आणि याचा दोष कुणाला द्यायचा यावर वस्तीत पहिल्यांदाच एकमत झालं. प्रतीक्षा डेरीवर आली की रांग सरकून तिला जागा करून देई, आणि ती जागा जरा जास्तच मोठी असे.

मंगळवारी सकाळी तिचा कॅन काट्यावर चढला. साडेनऊ. आकडा मोठ्यानं वाचला गेला. मागं भिमाजी उभे होते. ते कॅनकडं बघत म्हणाले, "पिती का मग आता गाय?"

"पिती." प्रतीक्षानं कॅनचं झाकण लावलं. "तुमी बी या की भाऊ घरी. तांब्याभर प्या, खात्री करा."

रांगेतले सगळे भिमाजींकडं बघायला लागले. दादाभाऊ लिहिता लिहिता थांबले.

भिमाजींनी आपला कॅन उचलून काट्यावर ठेवला. "येईन की," ते म्हणाले. "पण आत्ताच चहा झालाय."